लेक लाडकी योजना आणि प्राथमिक शाळेचे दप्तर

कुटुंबात मूल जन्मास आले की त्याच्या पालनपोषणाचा काही भार शासनाने उचलावा, ही कल्पना आता जगात नवी राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये १९४५ साली तसा कायदा झाला व १९४६ च्या ऑगस्टपासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे आठवड्यास पाच शिलिंग देण्यात येऊ लागले. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी होत नसे. महाराष्ट्रात मदतीची रीत निराळी आहे. येथे ती ठराविक कुटुंबांस, ठराविक प्रसंगी व अटी घालून दिली जाते. अटी आल्या म्हणजे पुरावे आले, आणि पुरावे आले म्हणजे दप्तर आले. खेड्यात हे दप्तर तीन ठिकाणी असते : ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत आणि शाळेत. या तिहींपैकी शाळेच्या दप्तराशी मुलीचा संबंध सर्वांत दीर्घकाळ राहतो. म्हणून ‘लेक लाडकी’ या योजनेचा अभ्यास शिक्षकाने नीट करावयास पाहिजे. योजना महिला व बालविकास खात्याची असली, तरी तिच्या पाच हप्त्यांपैकी तीन शाळा-महाविद्यालयांच्या दाखल्यावर अवलंबून आहेत.

योजनेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ती संख्या ८९४ वर आली. दहा वर्षांतील ही घट लक्षात घेऊन राज्य शासनाने २०१४ साली ‘सुकन्या’ ही योजना काढली. पुढे २०१६ मध्ये तिची जागा ‘माझी कन्या भाग्यश्री’ने घेतली, व १ ऑगस्ट २०१७ पासून त्या योजनेतही बदल झाले. या योजनांचा भर मुलीच्या नावे ठेव ठेवण्यावर होता. ठेव बँकेत पडून राही, आणि मुलगी शाळेत गेली काय अन् न गेली काय, मधल्या काळात तिच्या शिक्षणाशी त्या पैशाचा फारसा संबंध येत नसे. ३० ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाने ‘लेक लाडकी’ योजना आली, ती १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना लागू झाली आणि आधीची योजना बंद झाली. मुलीच्या वयाबरोबर व इयत्तेबरोबर टप्प्याटप्प्याने पैसे द्यावयाचे, हे नव्या योजनेचे वैशिष्ट्य होय.

टप्पे पाच आहेत. जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत गेल्यावर ७,०००, अकरावीत गेल्यावर ८,००० आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. एकूण बेरीज १,०१,००० होते. या बेरजेकडे क्षणभर थांबून पाहिले, तर योजनाकारांचे मन उघड होते. एकूण रकमेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अगदी शेवटी ठेवला आहे, आणि तो मिळण्यास मुलगी तोपर्यंत अविवाहित असली पाहिजे अशी अट आहे. शाळेच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या रकमा त्या मानाने किरकोळ आहेत. सहा-सात हजारांनी कोणत्याही कुटुंबाचा संसार सुधारणार नाही, परंतु दाखल्याच्या वेळी पाटी-पुस्तक, कपडे, जाण्यायेण्याचा खर्च यांपुरते ते पुरे पडतील. हे टप्पे कोठे घातले आहेत तेही पाहण्यासारखे आहे. गावची शाळा पुष्कळ ठिकाणी चौथी-पाचवीपर्यंतच असते, म्हणून सहावीचा हप्ता मुलगी गावाबाहेरच्या शाळेत जाण्याच्या सुमारास पडतो. अकरावीचा हप्ता शालान्त परीक्षेनंतर. मुलींची शाळा नेमकी या दोन ठिकाणी सुटते. मधली पाच वर्षे मात्र, म्हणजे अकरा ते सोळा वयाची, कोरडीच राहतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरांत सुमारे बावीस जणींचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले होते. धोक्याची वर्षे हीच. तेथे एखादा लहानसा हप्ता असता तर बरे झाले असते, असे कोणाही अनुभवी शिक्षकास वाटल्यावाचून राहणार नाही.

आता पात्रतेकडे वळू. कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी असावे. त्याच्याजवळ पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असावी. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि तसा तहसीलदारांचा दाखला असावा. बँकेतील खाते महाराष्ट्रातील असावे. शुभ्र शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास लाभ नाही. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. शिधापत्रिका केशरी आहे एवढ्यावर पालक निर्धास्त राहतात व उत्पन्नाचा दाखला काढीत नाहीत. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन स्वतंत्र कागद आहेत व दोन्ही लागतात.

अपत्यांच्या संख्येची अट समजण्यास थोडी कठीण आहे. ती उदाहरणांनीच स्पष्ट होईल. एका कुटुंबात पहिली मुलगी मे २०२३ मध्ये व दुसरी मुलगी २०२५ मध्ये जन्मली. दोघीही पात्र ठरतात. दुसऱ्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर एक मुलगा व एक मुलगी झाली. मुलगी पात्र आहे. तिसऱ्या कुटुंबात २०२० साली मुलगा (किंवा मुलगी) झाला असून २०२४ मध्ये दुसरे अपत्य म्हणून मुलगी झाली; ही दुसरी मुलगी पात्र आहे, मात्र २०२० साली जन्मलेल्या अपत्यास, ते मुलगी असले तरी, या योजनेचा लाभ नाही. दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाल्यास त्यांतील एका किंवा दोन्ही मुलींना लाभ मिळतो. कुटुंबनियोजनाची अट या सर्वांबरोबर जोडलेली आहे. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्यासाठी आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी अर्ज करताना आईने किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. दुसऱ्या बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया दोघांपैकी एकाने करून घेणे आवश्यक आहे. ‘आईने किंवा वडिलांनी’ हे शब्द शिक्षकाने पालकसभेत जरा ठासून सांगावेत. नियमात पर्याय आहे, व्यवहारात मात्र सारा भार आईवरच टाकला जातो.

तिसऱ्या खेपेस जन्मलेल्या मुलीचे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. तिला या योजनेत स्थान नाही. आईबापांच्या वर्तनाची झळ अजाण मुलीस लागावी काय, हा वादाचा मुद्दा आहे. परंतु नियम हा असा आहे, आणि शिक्षकाने पालकास खोटी आशा दाखवू नये. त्या मुलीस शाळेतील मोफत पाठ्यपुस्तके, शालेय पोषण आहार व जातिनिहाय शिष्यवृत्त्या यांपैकी जे लागू असेल ते मिळवून देणे अधिक उपयोगाचे.

अर्ज शाळेत करावयाचा नसून अंगणवाडी सेविकेकडे करावयाचा असतो. तेथून तो पर्यवेक्षिकेकडे, पुढे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे व अखेर जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे जातो. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. पहिल्या अर्जास मुलीचा जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, पालकांचे आधारपत्र, बँक पुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत व शिधापत्रिकेची प्रत लागते. मुलीचे स्वतःचे आधारपत्र पहिल्या हप्त्यापुरते नसले तरी चालते. पुढील शैक्षणिक टप्प्यांवर त्या त्या शाळेचा दाखला म्हणजे बोनाफाईड, आणि शेवटच्या हप्त्यास मतदार यादीत नाव असल्याचा पुरावा व अविवाहित असल्याचे मुलीचे स्वयंघोषणापत्र, हे कागद जोडावयाचे असतात.

या सर्व कागदांत मूळ कागद एकच, तो म्हणजे जन्मदाखला. बाकीचे कागद नव्याने काढता येतात. जन्माची नोंद मात्र वेळेवर झाली नाही तर पुढे दरवर्षी अधिक कठीण होत जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. पुढील नऊ दिवस विलंबशुल्क भरून नोंद होते. महिना उलटून गेला तर वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. रोजंदारी बुडवून तालुक्यास चार खेपा घालणे ज्यास परवडत नाही, तो मनुष्य तेथेच नाद सोडून देतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या नोंदीस आणखी महत्त्व आले आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, विवाहनोंदणी इत्यादी कामांसाठी जन्मदिनांकाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जावयाचा आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलास प्रवेश नाकारता येणार नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितलेच आहे आणि ते शिक्षकाने कधीही विसरू नये. तथापि प्रवेश देणे वेगळे आणि तारीख अंदाजाने लिहिणे वेगळे.

जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे चाळली असता एक जून या दिवशी जन्मलेली मुले विलक्षण संख्येने आढळतात. शाळा जूनमध्ये भरत, पालकास तिथी आठवत नसे, आणि गुरुजी मुलाकडे पाहून, हात डोक्यावरून कानास लागतो की नाही ते पाहून, एक जून लिहून टाकीत. त्या काळी त्याने कोणाचे फारसे अडत नव्हते. आज पहिलीच्या वर्गात अशी एक तारीख पडली की ती पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तेथून दुसऱ्या शाळेच्या रजिस्टरात, तेथून शालान्त प्रमाणपत्रावर. आणि शेवटी अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे ठरविताना जन्मदाखला एक सांगतो व शाळा दुसरेच. नोंद एकदा कायम झाली म्हणजे तीत खाडाखोड करता येत नाही; बदलास वरिष्ठांची मान्यता लागते व त्यात महिने जातात.

ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून बिकट आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे बायको गरोदर असली तरी मागे राहता येत नाही. बाळंतपण कारखान्याच्या पट्ट्यात, कधी जवळच्या दवाखान्यात तर कधी फडाशेजारच्या कोपीत होते. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच व्हावयाची असते. बीड जिल्ह्यातील मुलगी सांगली जिल्ह्यात जन्मली, तर तिची नोंद सांगली जिल्ह्यातील त्या गावी. कर्नाटकातील कारखान्यावर जन्मली तर कर्नाटकात. दवाखान्यातील जन्माची खबर दवाखाना देतो, कोपीतील जन्माची खबर घरच्यांनी द्यावयाची असते. हंगाम संपवून चैत्र-वैशाखात कुटुंब परत येते, तेव्हा एकवीस दिवस केव्हाच उलटलेले असतात आणि दाखला दोनशे कोसांवर असतो. अशा गावांतील शिक्षकाने दोन वेळा चौकशी करावी. टोळी निघण्यापूर्वी, ज्या घरी बाळंतपण अपेक्षित आहे त्यांना ‘जेथे बाळ होईल तेथील ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून दाखल्याची प्रत घेऊनच निघा’ असे सांगावे. दवाखान्याने दिलेला कागद फेकू नका, हेही सांगावे. आणि टोळी परतल्यावर प्रत हाती आली की नाही हे पहावे. थोरली भावंडे शाळेत असतातच. त्यांच्याकडून घरची वार्ता शिक्षकास ग्रामसेवकाच्याही आधी कळते.

नावाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. जन्माची नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते, म्हणून दाखल्यावर मुलीच्या नावाची जागा कोरी राहते. नाव पुढे घालता येते. एक वर्षाच्या आत विनाशुल्क, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. बहुतेक पालकांना हे ठाऊक नसते. घरी हाक मारण्याचे नाव एक, आधारावर दुसरे, आणि शाळेत आत्याने सांगितलेले तिसरे, अशी स्थिती झाली म्हणजे बँकेत पैसे अडकतात. त्यात १ मे २०२४ पासून एक नवी गोष्ट आली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दप्तरात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. म्हणजे योजनेच्या पहिल्या तेरा महिन्यांत जन्मलेल्या मुलींची नावे जुन्या धर्तीची, व पुढील मुलींची नव्या धर्तीची असणार. एकाच घरातील दोघी बहिणींची नावे दोन धर्तींनी लिहिलेली आढळली, तर ती चूक समजून शिक्षकाने आपण होऊन दुरुस्त करू नये. जन्मदाखल्यावर जसे आहे तसेच, ऱ्हस्व-दीर्घासह, रजिस्टरात उतरावे. शुद्धलेखनाचा आग्रह निबंधाच्या वहीत धरावा. जनरल रजिस्टरात दाखला हाच प्रमाण.

योजनेतील पहिल्या मुली पहिलीच्या वर्गात २०२९ च्या सुमारास बसतील, सहावीत २०३४ च्या सुमारास, आणि त्यांतील सर्वांत थोरल्या मुलीस १ एप्रिल २०४१ रोजी अठरा वर्षे पूर्ण होतील. इतका दीर्घ पल्ला असलेल्या योजनेत अर्ज भरणारी अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामसेवक हे सारे बदलत जातील. पालकासही मधल्या वर्षांत विसर पडेल. म्हणून पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने अंगणवाडीच्या यादीशी नावे ताडून पहावीत व लाभार्थी मुलींची एक स्वतंत्र यादी शाळेच्या दप्तरात ठेवावी. तीत जन्मदिनांक, अर्ज केल्याची तारीख आणि मिळालेला हप्ता एवढे लिहिले तरी पुरे. मुलगी गावची शाळा सोडून दुसरीकडे जाईल तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पालकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी की, सहावीच्या प्रवेशानंतर तेथील शाळेचा दाखला घेऊन तिसऱ्या हप्त्याचा अर्ज करावयाचा आहे. ज्या कुटुंबाने पहिलीच्या वेळी कुटुंबनियोजनाचे प्रमाणपत्र जोडलेले नाही, त्यांस ते यावेळी लागेल की नाही, हेही त्याच चिठ्ठीत नमूद करावे. कालांतराने शासन नियमांत बदल करील हेही संभवते; तेव्हा प्रत्येक टप्प्यावर अंगणवाडीतून त्या वेळचा शासन निर्णय पाहून घ्यावा.

नावांच्या साम्यामुळे लोक निरनिराळ्या योजनांची सरमिसळ करतात, तीही दूर करावयास हवी. २०२४ साली सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना प्रौढ स्त्रियांसाठी आहे. आईस तो लाभ मिळतो म्हणून लेकीचा अर्ज करावयाचा नाही, ही समजूत चुकीची आहे. केंद्र शासनाची ‘सुकन्या समृद्धी’ ही २०१५ पासूनची योजना टपाल कार्यालयात किंवा बँकेत पालकाने स्वतःचे पैसे साठविण्याची आहे. तीत शासन व्याज देते, अनुदान देत नाही. ‘प्रधानमंत्री मातृवंदना’ ही मातेसाठी आहे. पहिल्या अपत्यास ५,००० रुपये, व दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये असे तिचे स्वरूप आहे. चारही योजनांचे अर्ज वेगळे, अटी वेगळ्या.

याखेरीज एका योजनेची माहिती प्रत्येक शिक्षकाजवळ असावी, कारण तिचा लाभ घेऊ शकणारे मूल आजच त्याच्या वर्गात बसलेले असण्याचा संभव आहे. ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ ही अठरा वर्षांपर्यंतच्या अनाथ, एकच पालक उरलेल्या, किंवा पालक दुर्धर आजाराने अंथरुणास खिळलेले अथवा तुरुंगात असलेल्या मुलांसाठी आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा ११०० वरून २२५० रुपये करण्यात आली. मुलगा असो वा मुलगी, भेद नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे जातो व निर्णय बालकल्याण समिती देते. बाप वारला की मूल आठ-पंधरा दिवस शाळेत येत नाही. मग येते, ते मागच्या बाकावर बसते, आणि काही महिन्यांनी गुरे राखावयास किंवा आईबरोबर मजुरीस जाऊ लागते. हजेरीपत्रकातील ही गैरहजेरी सर्वांत आधी शिक्षकास दिसते. त्याच वेळी आईस गाठून मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला व बँकेचे पुस्तक गोळा करण्यास सांगावे. शाळेचा दाखला मागावयास तिला दोनदा यावयास लावू नये. ती सांगावयास येईल त्याच दिवशी तो लिहून, सही-शिक्का करून तिच्या हाती द्यावा.

केंद्रावरील शिक्षण परिषदेत चर्चेस घेण्याजोगे एक उदाहरण येथे देण्यात येत आहे. एका ऊसतोड मजूर कुटुंबात पहिला मुलगा २०२१ साली गावी जन्मला. दुसरी मुलगी जानेवारी २०२४ मध्ये कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीत जन्मली. नोंद झालेली नाही. शिधापत्रिका केशरी आहे, उत्पन्नाचा दाखला नाही, आणि वडिलांचे गतवर्षी निधन झाले आहे. मुलगी लेक लाडकी योजनेस पात्र आहे काय? तिच्या जन्माची नोंद आता कोणत्या गावी, कोणाच्या आदेशाने होईल? तिचे नाव रजिस्टरात कोणत्या क्रमाने लिहिले जाईल? कुटुंबनियोजनाची अट या घरी कशी पाहिली जाईल, आणि ती कोणास विचारावी? पहिलीत शिकणाऱ्या भावासाठी कोणता अर्ज आजच करता येईल? प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावापुरती उत्तरे लेखी आणावीत, आणि त्या केंद्रातील अंगणवाडी पर्यवेक्षिकेस त्या दिवशी बोलावून ती तपासून घ्यावीत.